फाट्यावरची पाटी उतरवायची नोटीस आली. बाहेरच्या फलकांवर नियम नेमके कशासाठी असतात?

आगरातली

नमस्कार मंडळी. दापोली तालुक्यात समुद्राकाठी आमचं घर आहे. घराच्या चार खोल्या पाहुण्यांसाठी काढल्यात, स्वयंपाक मी आणि जाऊबाई मिळून करतो. दिवाळी, डिसेंबरचा शेवटचा आठवडा आणि मे महिना, एवढ्यात वर्षाची बेगमी करायची असते.

मोठा रस्ता सोडून गावात वळायच्या फाट्यावर आमची पाटी आहे. दहा बाय आठ फूट, दोन लोखंडी पाइपांवर उभी. गेल्या मंगळवारी ग्रामपंचायतीचा शिपाई नोटीस देऊन गेला. फाट्यावरचे सगळे फलक पंधरा दिवसांत उतरवा, नाहीतर पंचायत उतरवील आणि खर्च तुमच्याकडून घेईल. काल मुद्दाम जाऊन मोजल्या, सत्तावीस पाट्या आहेत तिथे.

पहिल्या दिवशी माझं डोकंच फिरलं. आमच्या पैशाची पाटी, त्यावर आमचं नाव, कुणाचं काय अडलं? पण संध्याकाळी आगरात पाणी लावायला गेले आणि विहिरीच्या कठड्याला टेकवलेला तो पत्रा दिसला. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं, त्या दुपारी तो आमच्याकडे आला होता. शे-दीडशे पावलांवरच्या एका खानावळीची पाटी. चौकटीतून सुटली आणि वाऱ्यावर गरगरत येऊन पोफळीच्या खोडात चार बोटं रुतून बसली. ओढून काढायला दोन माणसं लागली. सासरे तेव्हा पडवीत उभे होते, त्या पोफळीपासून दहा हातांवर. अजून त्या पत्र्यावर ‘घरगुती’ एवढी अक्षरं वाचता येतात.

तर राग आहेच, पण आता खरोखर समजून घ्यायचंय. पाटी कुठे लावावी, केवढी लावावी, यात पंचायतीनं किंवा नगरपरिषदेनं पडावं का? पडायचं तर कुठपर्यंत? आणि पाटी काढली तर पाहुण्यांनी आमचं घर शोधायचं कसं? फाट्यावर मोबाइलला रेंज नसते, नकाशा तिथेच अडकतो. जाणत्यांनी सांगा.

फाट्यावरचा

ताई, माझं फाट्यावरच चहा-वडापावचं दुकान आहे (तुमच्या नाही, गुहागरच्या बाजूच्या). आमच्याकडेही अशी नोटीस आली होती. आम्ही पाच-सहा गरीब दुकानदारांनी बोर्ड उतरवले. दुसऱ्याच आठवड्यात त्याच जागी वाढदिवसाचा वीस फुटी फ्लेक्स लागला. वर मोठा चेहरा, खाली शुभेच्छुकांचे तीस लहान चेहरे. वाढदिवस होऊन दीड महिना झाला तरी फ्लेक्स होता. त्याला नोटीस गेली नाही.

नियमाला माझा विरोध नाही. पण तो आधी माझ्या ‘गरम वडापाव’वर पडतो आणि चेहऱ्यांवर पडत नाही, तेव्हा त्यावरचा विश्वास उडतो. आम्ही पाटी हौसेनं लावत नाही. पाटी गेली तर दिवसाला शंभर वडे जायचे तिथे चाळीस जातात, हे माझ्या गल्ल्यातलं सांगतोय.

लालपरी

मी एसटीचा ड्रायव्हर. बावीस वर्षं कोकणातल्याच रूटवर आहे. ‘कशासाठी’ याचं उत्तर मी माझ्या सीटवरून देतो.

गावातून गाडी फाट्यावर येते तेव्हा मला उजवीकडून येणारं वाहन दिसायला हवं. तिथे पाट्यांची भिंत असली की काही दिसत नाही. मग गाडीचं नाक रस्त्यावर काढावं लागतं. पलीकडून मोटारसायकलवाला ताशी साठनं येत असेल तर तो एका सेकंदात सोळा-सतरा मीटर पुढे येतो. म्हणजे मी त्याला पाहीपर्यंत आणि ब्रेकवर पाय जाईपर्यंत तो गाडीच्या तोंडाशी. कित्येक फाट्यांवर आमचा कंडक्टर खाली उतरून हात दाखवतो, तेव्हा मी गाडी काढतो. पावसात काच धुकटलेली असताना तर जीव मुठीत असतो.

दुसरी गोष्ट, बाहेरगावचा माणूस गाडी चालवताना पाट्या वाचतो. सत्तावीस पाट्यांत आपल्या हॉटेलचं नाव शोधायला दोन सेकंद तरी मान वळवणारच. त्या दोन सेकंदांत त्याची गाडी तीस-पस्तीस मीटर जाते, तो रस्ता त्यानं पाहिलेलाच नसतो. नाव सापडलं की तिथेच करकचून ब्रेक. मागे मी, चाळीस माणसं घेऊन. कुणाचंही पोट मारावं असं मला वाटत नाही. पण फाट्याच्या कोपऱ्यात, वळणावर, पुलाच्या तोंडाशी पाटी नको म्हणजे नकोच. तेवढी जागा मोकळी असू दे.

खडूफळा

पूर्वी दापोली, खेड, चिपळूणला पाट्या रंगवणारे पेंटर असत. पाटी महाग पडायची म्हणून माणूस एकच करायचा, ती नीट करायचा आणि दहा वर्षं वापरायचा. फ्लेक्स आला, तासाभरात छापून मिळायला लागला, आणि लावलेला उतरवायचं कुणाच्या लक्षातच राहीना. गर्दी तिथून सुरू झाली असं मला वाटतं. मी शाळेत चित्रकला शिकवायचो, त्यामुळे हे डोळ्यांना जास्त खुपत असेल.

खारा वारा

आगरातली ताई, तुमच्या त्या पत्र्यामुळे लिहायला बसलो. माझं फॅब्रिकेशनचं वर्कशॉप आहे. ग्रिल, शेड, जिने आणि असे बोर्डही करतो. या धंद्यातलं थोडं उघड बोलतो.

तुमची पाटी दहा बाय आठ म्हणजे ८० चौरस फूट, साधारण साडेसात चौरस मीटर. निसर्ग वादळात वारा ताशी १०० ते ११० किलोमीटर होता, झोत १२० पर्यंत गेले. ११० चा वारा समोरून लागला तर दर चौरस मीटरवर ५५-६० किलो दाब येतो. तुमच्या एका पाटीवर सव्वाचारशे किलोच्या आसपास. त्यात पाटी जमिनीपासून वर, म्हणजे पाइप झाला तरफ. सगळा जोर येतो पाइप जमिनीत शिरतो तिथे. आणि वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की दाब दुप्पट होत नाही, चौपट होतो. ताशी ५५ च्या वाऱ्याला शंभर किलोवर सुखानं उभी राहिलेली पाटी ११० ला का झोपते, ते यावरून कळेल. माणसाला वाटतं, इतकी वर्षं उभी आहे ना, मग राहील.

आता आपल्या किनाऱ्याचा खरा शत्रू, खार. चौकोनी पाइप घेतो, वरून रेड ऑक्साइड, मग ऑइलपेंट. बाहेरून पाटी चकचकीत. पण पाइपाचं वरचं तोंड बंद केलेलं नसतं. पावसाचं पाणी आत उतरतं आणि तळाशी साचतं, त्यात खारी हवा. पाइप आतून गंजतो, बाहेर रंग तसाच. मी असे पाइप उतरवलेत की बोटानं दाबलं तर रंगाचा पापुद्रा आत जातो आणि मागे लोखंडच नसतं. वेल्डिंगच्या सांध्यावर तर आधी गंज धरतो. शिवाय बरेच जण जांभ्यात हातभर खड्डा करून चार घमेली काँक्रीट ओततात, झालं. बेस प्लेट नाही, बोल्ट नाही. चिऱ्याची जमीन कोरडी असताना घट्ट वाटते, जुलैत तीच भुसभुशीत होते.

हे गिऱ्हाइकाला सांगितलं तर तो म्हणतो, शेजारच्यानं आठ हजारांत करून दिलं, तुम्ही चौदा का मागता? माझ्याकडे त्याला उत्तर नसतं, कारण मला कुणी विचारतच नाही की पाटीचं डिझाइन कुणी तपासलं. परवानगी लागली, इंजिनिअरचा संरचनात्मक स्थैर्याचा दाखला लागला, दर काही वर्षांनी तो पुन्हा काढावा लागला, तर आठ हजारांची पाटी उभीच राहणार नाही. म्हणून मला नियम हवेत, माझ्या धंद्याला त्रास झाला तरी.

घाटकोपरचं सगळ्यांना आठवत असेल. १३ मे २०२४, वळवाचा पाऊस, पेट्रोल पंपावर होर्डिंग पडलं आणि १७ माणसं गेली. ते १२० बाय १२० फुटांचं होतं. मुंबईत मर्यादा ४० बाय ४०. म्हणजे मर्यादेच्या नऊपट क्षेत्र, वारा नऊपट झेलणारं. त्याआधी एप्रिल २०२३ मध्ये पिंपरी-चिंचवडला किवळ्याजवळ होर्डिंग कोसळून पाच जण गेले, पावसापासून आडोसा म्हणून खाली थांबलेले. २०१८ च्या ऑक्टोबरात पुण्यात जुन्या बाजाराच्या चौकात चार जण. चेन्नईत २०१९ मध्ये स्कूटरवरून चाललेल्या तरुणीवर साधा बॅनर पडला, तोल गेला आणि मागून टँकर आला. म्हणजे पडणारी वस्तू मोठीच असावी लागते असं नाही.

आगरातली

खारा वारा दादा, वाचून अंगावर काटा आला. आमच्या पाटीच्या पाइपांची तोंडं उघडीच आहेत. फाट्यावर एसटीची वाट बघताना मी त्याच पाटीच्या सावलीत उभी राहते.

जुनी दप्तरं

मी ग्रामसेवक म्हणून रत्नागिरी जिल्ह्यात नोकरी केली, आता निवृत्त आहे. कायद्याची बाजू जमेल तशी सांगतो.

पहिलं, रस्ता कुणाचा ते बघा. ग्रामीण मार्ग आणि इतर जिल्हा मार्ग जिल्हा परिषदेकडे, प्रमुख जिल्हा मार्ग आणि राज्य मार्ग सार्वजनिक बांधकाम खात्याकडे, आणि ६६ क्रमांकाचा मुंबई-गोवा महामार्ग केंद्राच्या महामार्ग यंत्रणेकडे. रस्ता म्हणजे नुसतं डांबर नव्हे, बाजूची संपादित पट्टीही त्यातच. ‘सरपंचांना विचारून लावली’ म्हणून तिथली पाटी कायदेशीर होत नाही. घाटकोपरला तेच दुखणं होतं. जागा एका यंत्रणेची, मर्यादा ठरवणारी महापालिका दुसरी, आणि मधल्या फटीत तेवढं मोठं धूड उभं राहिलं. बाकी गावच्या रस्त्यांवरचं आणि मोकळ्या जागांवरचं अतिक्रमण काढायचा अधिकार महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियम, १९५८ च्या कलम ५३ नं पंचायतीला आहे.

दुसरं, ‘माझी भिंत, माझं कुंपण’ हा मुद्दा. मालमत्तेच्या विद्रूपणाला प्रतिबंध करणारा महाराष्ट्राचा १९९५ चा कायदा आहे. त्यात सार्वजनिक ठिकाणाहून नजरेस पडणारी जागा धरलेली आहे, मग ती खाजगी भिंत असो, कुंपण असो, खांब असो की झाड. स्थानिक संस्थेच्या लेखी परवानगीशिवाय तिथे जाहिरात करणं हा गुन्हा, तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. दोन हजार ही रक्कम आज फ्लेक्सच्या छपाईपेक्षाही कमी पडते, हे मला नोकरीत असतानाही खटकायचं. झाडाला खिळे ठोकून पाट्या लावतात तेही यातच आलं. वडाच्या बुंध्यात मी एकदा एकोणीस खिळे मोजले होते, प्रत्येकाभोवती साल सुजलेली.

लालपरी यांचं म्हणणंही कायद्यात आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम ११६ प्रमाणे वाहतुकीचं चिन्ह झाकणारा, त्याच्यासारखा दिसून फसवणारा किंवा चालकाचं लक्ष विचलित करणारा फलक पोलीस अधीक्षक दर्जाचा अधिकारी काढायला लावू शकतो. दिल्लीतल्या रस्त्यांकडेचे असे धोकादायक फलक हटवायचा आदेश सर्वोच्च न्यायालयानं १९९७ मध्येच दिला होता.

तिसरं, पैशाचं. लोक म्हणतात नगरपालिकांना जाहिरातीचा कर हवा म्हणून नियम. पूर्वी त्यात तथ्य होतं. पण १०१ व्या घटनादुरुस्तीनं जाहिरातींवरच्या कराची नोंद राज्यसूचीतून गेली आणि जुलै २०१७ पासून जीएसटी आला. आता राहिलंय ते परवाना शुल्क आणि स्वतःच्या जागेचं भाडं. नियम ठेवायचं मुख्य कारण सुरक्षितता आणि सार्वजनिक जागा मोकळी ठेवणं हेच.

आता फाट्यावरचा यांचं दुःख. साताऱ्याच्या सुस्वराज्य फाउंडेशननं बेकायदा होर्डिंग-बॅनरविरुद्ध जनहित याचिका केली होती, मुंबई उच्च न्यायालयानं ३१ जानेवारी २०१७ ला निकाल दिला. राज्यभरच्या महापालिका-नगरपालिकांना बेकायदा फलक काढायचे, गुन्हे नोंदवायचे आणि लोकांना तक्रार करता येईल अशी सोय करायची, असे आदेश त्यात आहेत. राजकीय फलक त्यातून सुटलेले नाहीत. कागद आपल्या बाजूनं आहे. तो हातात घेऊन कुणीतरी ग्रामसभेत उठून उभं राहावं लागतं, एवढंच. मी नोकरीत होतो तेव्हा असं उठणारं माणूस क्वचित बघितलं, आणि तेव्हा मीही फार जोर लावला नाही, याची आज खंत आहे.

मालवणी गजाल

ताईनू, माका तुमचा म्हणणा पटला. आमच्याकडे तारकर्लीच्या वाटेर स्कूबाच्या बोर्डांची अशीच दाटी. माणूस समुद्र बघूक येता आणि आदी बोर्डच बघता. एकान आठ फुटी लावलो की दुसरो दहा फुटी लावता, मगे तिसरो बारा. खर्च सगळ्यांचो वाढता आणि गिऱ्हाइक तितक्याच. सगळ्यांका एकच माप असला तर आमचेच पैसे वाचतले.

कासवमित्र

एका गोष्टीचा उल्लेख अजून झाला नाही. उजेड.

किनाऱ्यावर ऑलिव्ह रिडले कासवं घरटी करतात. वेळासला चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेनं २००२ पासून काम सुरू केलं, मग आंजर्ले, गुहागर आणि इतर गावांत ते पसरलं. थंडीत रात्री मादी येते, वाळूत हात-दीड हात खोल खड्डा करते, शंभरच्या आसपास अंडी घालते. पन्नासेक दिवसांनी पिल्लं निघतात, बहुधा रात्री किंवा पहाटे. त्यांना रस्ता कुणी दाखवत नाही. समोर जिथे आभाळ जास्त उजळ, तिकडे ती निघतात. हजारो वर्षं ती उजळ बाजू समुद्राचीच होती.

मी स्वतः पाहिलेलं सांगतो. दोन वर्षांपूर्वी मार्चमध्ये आम्हाला सापडलं नव्हतं असं एक घरटं फुटलं. पहाटे वाळूवर पिल्लांच्या रेघा होत्या, बारीक, जणू कुणी बाळाच्या कंगव्यानं ओढल्यात. त्या समुद्राकडे गेल्या नव्हत्या. सुरूच्या झाडांतून वर, एका रिसॉर्टच्या एलईडी पाटीकडे गेल्या होत्या. पाटी रात्रभर जळत होती, निळी-पांढरी. पाटीखालच्या गवतात अकरा पिल्लं मिळाली, सात जिवंत. बाकीच्या रेघा मधेच संपल्या होत्या आणि भोवती कावळ्यांची पावलं.

त्या मालकाला भेटायला गेलो तर तो बिचारा हादरला. त्याला माहीतच नव्हतं. त्याच रात्रीपासून पाटी बंद केली, नंतर पाटीचं तोंड रस्त्याकडे फिरवलं आणि खाली तोंड करून एक पिवळट दिवा लावला. त्याचं गिऱ्हाइक काही कमी झालं नाही. पण प्रत्येक मालकाला एकेकट्यानं गाठून सांगायला आम्ही किती जण आहोत? म्हणून गावाचा नियम हवा. नोव्हेंबर ते मे, किनाऱ्याच्या बाजूला पेटती पाटी नको.

जुनी दप्तरं

कासवमित्र, हा मुद्दा मलाही नवा आहे. ठरावात घालण्याजोगा आहे.

दूरदेशी

मी मूळची मुरुडची, दापोलीजवळच्या. आता अमेरिकेत व्हरमाँट राज्यात असते. इथे १९६८ पासून रस्त्याकडेला जाहिरातीचे मोठे फलक लावायला कायद्यानं बंदी आहे. हवाई, मेन आणि अलास्का या राज्यांतही तसंच. आले तेव्हा मला पहिले काही दिवस रस्ता ओका-ओका वाटायचा, मग डोंगर दिसायला लागले.

ताईंच्या ‘पाहुण्यांनी घर शोधायचं कसं’ या प्रश्नासाठी मुद्दाम लिहिते. इथे बंदीबरोबरच पर्याय दिला. वळणावर सरकारनं ठरवलेल्या एकाच मापाच्या, एकाच रंगाच्या लहान पट्ट्या असतात, एकाखाली एक. खानावळ, शेत, राहायची जागा, नाव आणि बाण, बस. अर्ज करायचा, शुल्क भरायचं. मोठ्या कंपनीची पट्टी आणि घरगुती खानावळीची पट्टी सारखीच. ब्राझीलमधल्या साओ पाउलो शहरानं तर १ जानेवारी २००७ पासून शहरभरचे जाहिरात फलकच उतरवले आणि दुकानांच्या पाट्यांना इमारतीच्या रुंदीप्रमाणे माप ठरवून दिलं.

आणि फाट्यावरच्या दादांसाठी एक गोष्ट. ॲरिझोना राज्यात गिल्बर्ट नावाचं गाव आहे. तिथे एका छोट्या चर्चनं रविवारच्या प्रार्थनेला कुठे यायचं हे सांगणाऱ्या पाट्या लावल्या. गावच्या नियमात अशा दिशा दाखवणाऱ्या पाटीला माप लहान आणि वेळ अगदी थोडा, पण राजकीय पाटीला मोठं माप आणि जास्त मुदत. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं आणि २०१५ मध्ये न्यायालयानं तो नियम रद्द केला. पाटीवर काय लिहिलंय ते बघून वेगवेगळी वागणूक देता येणार नाही, असा त्याचा गाभा. माप, जागा, उजेड यांवर नियम करा, पण सगळ्यांना सारखे.

जुनी दप्तरं

दूरदेशी ताई, आपल्याकडेही धंद्याची जाहिरात हा अभिव्यक्तीचाच भाग असल्याचं सर्वोच्च न्यायालयानं १९९५ मध्ये टाटा प्रेसच्या खटल्यात मान्य केलंय. म्हणून सरसकट ‘पाटीच नको’ म्हणणारी नोटीस मला पटत नाही. कुठे, केवढी, किती काळ, हे विचारायचा हक्क पंचायतीला आहे. काय लिहायचं ते कायदा मोजक्याच ठिकाणी सांगतो. तंबाखूची जाहिरात नको हे एक. दुकानाच्या पाटीवर मराठी देवनागरी नाव हवं आणि ते इतर लिपीपेक्षा लहान नको हे दुसरं. २०२२ च्या दुरुस्तीनंतर दहापेक्षा कमी कामगारांच्या दुकानांनाही ते लागू आहे.

लालपरी

पट्टीची कल्पना मला आवडली. फक्त ती फाट्याच्या कोपऱ्यात नको, वळणाच्या आधी लावा. म्हणजे माणूस आधी वाचेल, इंडिकेटर देईल, मग वळेल.

फाट्यावरचा

वाढदिवसाचे फ्लेक्सही त्या ठरावात येणार असतील तर मी माझ्या गावातही मांडतो. येणार नसतील तर नाही.

आगरातली

(साडेतीन आठवड्यांनी)

मंडळी, उशिरा लिहितेय. आमची ग्रामसभा झाली. मी आयुष्यात पहिल्यांदा ग्रामसभेत बोलले. आधी हात थरथरत होते, मग तो पत्रा समोर ठेवला. हो, विहिरीजवळचा पत्रा पिशवीत घालून नेला होता. तो बघितल्यावर पहिल्या रांगेतले दोघे-तिघे मोबाइल खिशात घालून बसले.

ठराव असा झाला. फाट्याच्या दोन्ही बाजूंना ठराविक अंतरात एकही फलक नाही, कुणाचाही नाही. ‘कुणाचाही’ हा शब्द मी हट्टानं लिहून घेतला. त्यावर बरीच बाचाबाची झाली. एक जण म्हणाले, कार्यकर्त्यांच्या भावना असतात. जुन्या दप्तरांनी सांगितलेला २०१७ चा निकाल मी छापून नेला होता, तो वाचून दाखवला. शेवटी शुभेच्छांचे फलक ग्रामपंचायतीच्या भिंतीवरच्या एका चौकटीत, सात दिवसांसाठी, परवानगीचा क्रमांक आणि मुदत छापून, असं ठरलं. मनापासून मान्य झालेलं नाही, हे चेहऱ्यांवर दिसत होतं. पुढचा वाढदिवस डिसेंबरात आहे, तेव्हा कळेल.

वळणाच्या अलीकडे जांभ्याच्या कट्ट्यावर एकच दिशादर्शक फलक होणार. प्रत्येक घराला चार फूट बाय नऊ इंचाची एक पट्टी, हिरव्यावर पांढरी अक्षरं, दिवा नाही. रस्ता बांधकाम खात्याचा निघाला, म्हणून तिकडे अर्ज गेलाय. उत्तर यायचंय. किनाऱ्याच्या बाजूच्या पेटत्या पाट्यांबद्दल कासवमित्रांचं म्हणणं मांडलं, त्याला कुणीच विरोध केला नाही.

परवा आम्ही आमची पाटी उतरवली. दीरांनी पाइपाला जरा हिसका दिला तर डावा पाइप जमिनीलगत कट्कन मोडला. आत लाल चिखल होता आणि पाइपाची जाडी आंब्याच्या पोळीएवढीसुद्धा राहिली नव्हती. उजवा थोडा बरा होता. तो तुकडा मी घरी आणून पत्र्याशेजारी ठेवलाय.

मे महिन्याचं बुकिंग आजवर मागच्या वर्षीपेक्षा कमी आहे, खोटं कशाला बोलू. पट्टी लागेपर्यंत पाहुण्यांना फोनवर रस्ता सांगतेय. जुन्या वडाकडून डावीकडे, मग देवळाची कमान.

खडूफळा गुरुजी, एक विनंती. नऊ इंचांच्या पट्टीत आमचं नाव, ‘राहणे-जेवण’ आणि बाण एवढं बसवायचंय. अक्षरं तुम्ही काढून द्याल का? छापील नको वाटतंय.

खडूफळा

देतो की. वर-खाली दीड इंच कोरं सोडा, म्हणजे लांबून वाचता येईल. ‘जेवण’मधला ज जरा रुंद लागेल. पट्टीचं नक्की माप कळवा, रविवारी बसतो.